निलूच्या डब्यातले दाणे

प्रिय अहो,

तो वनस्पती तुपाचा पिवळा डबा आठवतो का? दिवाळी होऊन गेली होती, चकल्या संपल्या होत्या, आणि तुम्ही ओट्याखालून तो रिकामा डबा ओढून काढलात. रविवार होता. व्हरांड्यात पाट मांडून तुम्ही बसलात आणि समोर मला बसवलंत. पत्रा कापायची कात्री तुमच्या हातात, डबा माझ्या मांडीवर. "घट्ट धर, मडम," तुम्ही म्हणालात. "हात हलला तर पत्रा तुला कापेल, मला नाही."

आणि मी हसले होते! आपली निलू तेव्हा अकरावीत होती. पायरीवर पुस्तक घेऊन बसली होती, तिथूनच ओरडली, "बाबा, आईला निदान हातमोजे तरी द्या!" तुम्ही म्हणालात, "कॉन्व्हेंटात शिकलेल्यांचे हात जन्मतःच हातमोज्यात असतात." त्यावरही आपण तिघं हसलो. मग कापलेल्या कडा तुम्ही हातोडीनं आत वळवल्यात, चिमणीच्या पायाला लागू नयेत म्हणून. एकेक कड बोट फिरवून तपासलीत. माझ्या अंगठ्यातून रक्त येत होतं. ते तुम्हाला दिसलं डबा पेरूच्या झाडाला टांगून झाल्यावर. "हळद लाव गं," म्हणालात, वर डब्याकडे बघतच.

पत्राच्या सुरुवातीला समोरच्याचं कुशल विचारावं, असं आमच्या सिस्टरनी शिकवलं होतं. तुमचं कुशल कसं विचारू? तुम्हाला जाऊन तीन वर्षं झाली. खरं सांगते, या तीन वर्षांत तुम्हाला काही लिहावं असं एकदाही वाटलं नाही. आज लिहितेय ते मुक्ताच्या फोनमुळे.

मुक्ता म्हणजे निलूची मुलगी, तुमची नात. दहा वर्षांची आहे. परवा दुपारी निफाडहून तिचा फोन आला.

"आजी, शाळेत टाकाऊतून टिकाऊ करायचंय. मी पाखरांना दाणे ठेवायचं करणार. आई म्हणते, तुझ्याकडे खूप आहेत."

"आहेत की. झाडभर आहेत."

"आई म्हणते, आजोबांनी तिच्याच वस्तूंची केली होती. डब्याची, बाटलीची, कंपासपेटीची. आजी, त्या टाकाऊ होत्या का?"

काय सांगायचं होतं मी? तुम्ही काय सांगितलं असतंत? मी म्हटलं, "रविवारी ये, मग सांगते." मागून निलूचा आवाज आला, "विचार आजीला, आम्ही आलो तर चालेल का." स्वतःच्या आईला विचारते ती, चालेल का म्हणून! तुमच्या दहाव्यानंतर ती मला भेटलेली नाही. मुक्ता कधी तिच्या बाबाबरोबर, किरणबरोबर येते, निलू नाही. आता येणार आहे. त्याआधी मला तुमच्याशी बोलून घ्यायचंय, कारण तिला जे सांगायचं ते मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

निलू आणि किरण रजिस्टर लग्न करून पेढ्यांचा पुडा घेऊन दारात उभे राहिले, तो दिवस. तुम्ही नाव विचारलं नाहीत, गाव विचारलंत. निफाड म्हटल्यावर विचारलंत, "द्राक्षबाग?" तो हो म्हणाला. "बागेत पाखरांचं काय करता?" किरण बिचारा भाबडा. म्हणाला, "हाकलतो की, काका. डबे वाजवतो, गोफण असते. नाहीतर सगळा माल टोचून टाकतील." तुम्ही मान हलवलीत. "बरोबर आहे. निघा," म्हणालात.

खरं कारण पाखरं नव्हतं. किरणची जात होती, आणि तुम्हाला न विचारता केलं याचा राग होता. हे मला ठाऊक होतं, तुम्हालाही होतं. पण लोकांना तुम्ही तेच सांगत राहिलात, "पाखरं हाकलणाऱ्यांच्या घरात गेली." लोक हसायचे. काय बोलता साहेब, म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही तिचं कपाट उघडलंत.

मला वाटलं, वस्तू बांधून पाठवताय. तुम्ही पाट मांडलात. पाण्याची बाटली घेतलीत, तिला भोकं पाडलीत आणि माझ्या स्वयंपाकघरातले दोन लाकडी चमचे आरपार घातलेत, पाखरांना बसायला. कंपासपेटी उघडून तिचं पाण्याचं ताट केलंत. वक्तृत्वाचा कप उलटा करून छप्पर झालं. बॅडमिंटनच्या रॅकेटची जाळी कापून दाण्यांवर ताणून बसवलीत, म्हणजे चिमणीची चोच आत जाईल आणि कावळ्याची जाणार नाही. कावळ्यांवर तुमचा फार राग, घरटी फोडतात म्हणून. "निदान तिला विचारू तरी," मी म्हटलं. "नको असलेली वस्तू फेकू नये, वापरावी," तुम्ही म्हणालात. सिन्नरच्या कारखान्यात तीस वर्षं स्टोअर सांभाळलेला माणूस! नाशकातल्या या द्वारकेहून रोज बसनं गेलात आणि आलात, भंगारातला खिळाही वाया जाऊ दिला नाहीत.

सगळ्यात शेवटी डबा. तीन पुडांचा, स्टीलचा. माझ्या आईनं भांडी बाजारातून घेतलेला, झाकणावर नाव घालून आणलेला: कु. निलिमा. पहिलीपासून बारावीपर्यंत त्याच डब्यात पोळीभाजी नेली तिनं. तुम्ही कानस घेतलीत आणि ते नाव घासायला बसलात. दोन दुपारी घासत होतात. करर, करर. मी आत भाजी निवडत होते. दात आंबत होते त्या आवाजानं. एकदाही बाहेर येऊन तुमचा हात धरला नाही. का नाही धरला, अहो? तुम्ही मारलं असतंत का? नसतं मारलंत. तुम्ही नुसतं माझ्याकडे बघितलं असतंत, आणि ते मला नको होतं.

चार महिन्यांत तिची एकही वस्तू घरात राहिली नाही. सगळी निलू झाडाला टांगली होती, आणि तिच्यातून चिमण्या बाजरी खात होत्या.

आणि लोक बघायला यायचे! बाहेर ट्रकांचा धुरळा, भोंगे, आणि आपल्या पेरूवर पन्नास चिमण्या. शाळेची पोरं यायची. तुम्ही त्यांना किती मऊ आवाजात सांगायचात, कण्या कोरड्या ठेवा, पाणी रोज बदला, कडा आत वळवा. घरट्यातून पडलेलं पिल्लू तुम्ही तळहातावर घेऊन बसायचात, कापसाच्या बोळ्यानं पाणी पाजायचात. त्या हाताकडे बघून माझा जीव किती वेळा विरघळलाय, काय सांगू! मग मला कानस आठवायची.

तुम्ही मुक्ताला एकदाच पाहिलंत. दीड वर्षाची होती. निलू तिला घेऊन आली, एकटीच, न कळवता. तुम्ही झाडाखाली दाणे भरत होतात. मी रव्याचा लाडू घेऊन धावत गेटपर्यंत गेले. निलूची नजर माझ्यावर नव्हतीच. ती वर बघत होती. डब्यावर पांढरी शिट सुकली होती.

"बाबा, हा माझा डबा," ती म्हणाली. अगदी हळू.

"इथं कुणाचा डबा नाही. पाखरांचा आहे."

पोर हात पुढे करून म्हणाली, "चिऊ." तुम्ही तिच्याकडे पाहिलंत. पाहिलंत, मी साक्षीला होते. मग म्हणालात, "तुमच्याकडे हाकलतात ना पाखरं? मग इथं उभ्या राहू नका. माझी पाखरं बुजतात." आणि मला म्हणालात, "वसू, कडी लाव."

कडी मी लावली, अहो. एका हातात लाडू होता, दुसऱ्या हातानं लावली. तुमच्या नावावर किती दिवस टाकत आले मी ती कडी! पण हात माझा होता.

आता जे कुणाला माहीत नाही ते.

तुमची उजवी बाजू गेली तेव्हा मी तुमची खाट खिडकीशी लावून घेतली. सगळे म्हणाले, काय सेवा करते बाई! मीच भरवत होते, मीच पुसत होते. दाणेही मीच घालत होते. तुम्ही जड जिभेनं रोज सकाळी विचारायचात, "घातलेस?" मी म्हणायचे, "घातले." तुम्ही म्हणायचात, "त्या डब्यात?" मी म्हणायचे, "त्या डब्यात पण."

नव्हते घालत. त्या डब्यात मी शेवटचे दोन महिने एक दाणा टाकला नाही.

पिवळ्या डब्यावर चिमण्या, बाटलीवर चिमण्या, कंपासपेटीत अंघोळी चालायच्या, आणि मधोमध तो डबा रिकामा हलायचा. तुम्ही त्याच्याकडेच बघत पडून असायचात. एक दिवस विचारलंत, "वसू, डब्यावर का गं येत नाहीत?" मी तुमची हनुवटी पुसत होते. म्हटलं, "त्यांना कळलं असेल कुणाचा आहे ते."

तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. डाव्या डोळ्यातून पाणी आलं. उजवा तर तसाही गळायचाच. मी दोन्ही पुसले आणि पेज गरम करायला आत गेले.

मला काय हवं होतं, माहीत आहे? एवढंच की तुम्ही तिचं नाव घ्यावं. एकदा "निलूचा डबा" म्हणावं. तेवढं म्हणाला असतात तर मी त्याच पावली मूठभर बाजरी घेऊन गेले असते, शपथ! रोज सकाळी मी कान देऊन ऐकायचे. तुम्ही म्हणायचात, "तो डबा." शेवटपर्यंत, तो डबा. मरताना माणूस मऊ होतो म्हणतात. तुम्ही नाही झालात, आणि मीही नाही. एकदाच विचारलंत, "निफाडला चिमण्या असतात का गं?" मी म्हटलं, "असतात. हाकलतात." तुमचंच वाक्य तुम्हाला परत दिलं आणि मनात म्हटलं, घ्या आता. चाळीस वर्षांच्या संसारात एवढं गोड मला काही लागलं नव्हतं. देवा! पण खोटं लिहिणार नाही.

मग दहावा.

तुमचे दिनूभाऊजी विधीला बसले, मुलगा नाही म्हणून. रामकुंडावर पिंड मांडला आणि आम्ही मागे सरकून उभे राहिलो. निलू आणि किरण वरच्या पायरीवर होते, जरा लांब. तिला मी कळवलं होतं, ये म्हटलं नव्हतं.

कावळा येईना. समोरच्या भिंतीवर सहा-सात बसलेले, मान वाकडी करून बघताहेत, पण एक खाली उतरेना. शेजारी दुसऱ्या कुणाच्या पिंडाला बघता बघता शिवून गेला. गुरुजी म्हणाले, "गेलेल्यांची काही इच्छा असेल तर बोला." दिनूभाऊजींनी हात जोडले, "दादा, पाखरांना रोज दाणे घालू." नाही. "दादा, वहिनींना काही कमी पडू देणार नाही." नाही. मागून कुणीतरी पुटपुटलं, "जन्मभर कावळ्यांना जाळ्या लावल्या, आता कोण येतंय!" दोघंतिघं हसले. मलाही हसू फुटणार होतं, पदर तोंडाशी धरला. लोकांना वाटलं रडते.

ऊन डोक्यावर आलं. दिनूभाऊजी माझ्या कानाशी आले. "वहिनी, निलूचं म्हणा. 'निलूला घरी आणीन' एवढं म्हणा. दादाचा जीव तिथंच अडकलाय, मला खात्री आहे."

सगळे माझ्याकडे बघत होते. निलूही. तिच्यापर्यंत ते शब्द गेले होते, मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. ती एक पायरी खाली उतरली, अहो. एकच पायरी.

मी बोलले नाही.

रामकुंडावरचे कावळे पोटभर जेवलेले असतात, हे मला कळतं. मी अडाणी नाही. तरी त्या वेळी मला भिंतीवरच्या त्या सहा-सात चोची सोडून काही दिसत नव्हतं. समजा मी बोलले आणि कावळा आला, तर? सगळे म्हणाले असते, बघा, बापाचा जीव लेकीत होता! एका घासात तुम्हाला सगळं माफ. कानस माफ, गेट माफ. ते मला तुम्हाला द्यायचं नव्हतं. आणि समजा बोलले आणि नाही आला, तर? तर माझ्या पोरीनं सगळ्या गावासमोर बघितलं असतं, की मेल्यावरसुद्धा बापाला ती नको आहे. पहिल्या कारणासाठी गप्प राहिले की दुसऱ्या, हे मी स्वतःला शंभर वेळा विचारलंय. दुसऱ्यासाठी, असं म्हणायला फार आवडेल मला. पण पहिलं कारण आधी आलं होतं मनात.

शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला शिववला. चिमण्यांचा माणूस, गवताच्या कावळ्यानं सुटला!

घाट चढताना निलू माझ्यापाशी आली. डोळे कोरडे होते. "आई, तेव्हा बाबा म्हणाले म्हणून कडी लावलीस," ती म्हणाली. "आज कुणी सांगितलं होतं?"

हे तिचं शेवटचं वाक्य. फोनवर बोलते, तब्येत विचारते, गोळ्या विचारते. त्याला मी बोलणं म्हणत नाही.

काल मी डबा झाडावरून उतरवला. दिनूभाऊजींनी शिडी धरली. गुडघे ओरडत होते, पण मलाच चढायचं होतं. चिंचेनं घासला, राखेनं घासला, आणि भांडी बाजारात घेऊन गेले. नाव घालणारा मुलगा चांगला होता, त्याच्या यंत्राची सुई टिकटिकत होती. झाकण उजेडात धरून म्हणाला, "आजी, हे कुणी घासलंय? पार पातळ झालाय पत्रा. सुई दाबली तर भोक पडेल."

"हलक्या हातानं घाल," मी म्हटलं.

"काय घालू?"

"निलिमा. कुमारी नको, सौभाग्यवती नको. नुसतं निलिमा."

"आणि खाली? आई-बाबांकडून?"

मी जरा थांबले. खरंच थांबले, एवढं तरी तुम्हाला सांगते. मग म्हटलं, "नको. आईकडून."

रविवारचं मी तुम्हाला वचन देते. ती गेटशी आली की कडी मी काढीन, तिला हात लावू देणार नाही. पेरूखाली खुर्च्या मांडीन आणि सगळं सांगीन. रामकुंडावर काय गिळलं ते, दोन्ही कारणं, आधी आलेलं आधी. रिकाम्या डब्याचंही सांगीन. तुम्ही त्याच्याकडे बघत असायचात, हेही सांगीन. त्याचा अर्थ काय, ते मी सांगणार नाही, कारण मला माहीत नाही आणि तुम्ही बोलला नाहीत. ऐकून ती उठून गेली तर जाऊ दे. या वेळी गेट उघडं असेल. आणि मुक्ताला सांगीन की नाही बाळ, एकही वस्तू टाकाऊ नव्हती.

आता वाटप ऐका.

पिवळा डबा व्याह्यांना. त्यांनी मुक्ताकडून फोन घेतला होता, म्हणाले, "इहीनबाई, आमी पाखरं हाकलाया मानूस ठिवतो, अन् ही नात त्यान्ला जेवाया बोलवती! पाठवा एखादा डबा. लांब बांधाला टांगतो. तिकडं पोट भरलं त माझी द्राक्षं तरी वाचतील." पोट धरून हसत होते. तुम्ही त्या माणसाशी एकदा बोलायला हवं होतं. लय आवडला असता तुम्हाला.

कंपासपेटी दिनूभाऊजींना. त्यांच्या फ्लॅटच्या गॅलरीत पाण्याला बरी.

बाटली कुणालाच नाही, प्लॅस्टिक तडकलंय. लाकडी चमचे मी परत घेतलेत, ते माझे होते.

कप निलूला. सुलटा करून.

पत्रा कापायची कात्री मुक्ताला, आणि तिच्याबरोबर हातमोजे, जाड चामड्याचे. द्वारकेच्या दुकानातून मी नवे आणलेत. तिच्यासाठी जो कुणी डबा धरून बसेल, त्याच्यासाठी.

डबा निलूला. ती वापरो, ठेवो, नाहीतर माझ्यासमोर गोदावरीत टाको.

कानस मी ठेवणार. कुणाला देण्याजोगी वस्तू नाही ती.

आणि रॅकेटची जाळी मी आज सकाळी कापून काढली. तुमचं जेवणाचं ताट गच्चीवर ठेवलंय, उघडं, वर तार नाही, काही नाही. त्यात भात आहे. तो कावळ्याला. येतो की नाही, हे बघत मी बसणार नाही.

वसुधा